संमतीपत्राची चौथी आवृत्ती

एथिक्स कमिटीची, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीची, मंजुरी हातात पडली तेव्हा ऑक्टोबर लागला होता. अर्ज मार्चमध्ये दिला होता. मधल्या काळात पंचगंगा पात्राबाहेर येऊन गेली, शिरोळकडच्या गोठ्यांत पाणी शिरलं, तापाचे पेशंट आले आणि बरे होऊन घरी गेले. लेप्टोस्पायरोसिसवर (लेप्टोच्या तापावर) काम करणाऱ्याचा अख्खा हंगाम कागदांत गेला. याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

लेप्टोचे जंतू उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून चिखलपाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, जखमेतून माणसाच्या अंगात शिरतात. ताप बहुतेकदा ५ ते १४ दिवसांत येतो. म्हणजे पाणी ओसरल्यावरचा महिनाभर हाच नमुने घेण्याचा मुख्य काळ. तो चुकला की वर्षभर थांबा.

निधी मिळाला, विभागप्रमुखांची सही झाली, त्यात काहीच अडलं नाही. अडलं ते कमिटीच्या कार्यालयात.

एप्रिलची बैठक कोरमअभावी रद्द झाली. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे किमान ५ सदस्य हजर लागतात. त्यांत वैद्यकीय आणि अवैद्यकीय दोन्ही हवेत, आणि निदान एक जण संस्थेबाहेरचा. त्या दिवशी बाहेरचं कुणीच आलं नाही. पुढची बैठक थेट जुलैत, कारण बैठका तीन महिन्यांतून एकदा. वर्षभराच्या बैठकांच्या तारखा आणि अर्ज पोचवण्याची शेवटची तारीख सदस्य सचिवांकडून जानेवारीतच लिहून घ्या. पावसाळ्याचा अभ्यास असेल तर अर्जही जानेवारीतच द्या. मी मार्चला ‘वेळेत’ समजलो, ती माझी चूक.

जुलैत प्रस्ताव मान्य झाला, पण पेशंटनं सही करायचं मराठी संमतीपत्र परत आलं. पहिलं पत्र : ‘५ मिलि रक्त’ लोकांना कळणार नाही. तिथं ‘एक छोटा चमचाभर’ असं घातलं. तीन आठवड्यांनी दुसरं पत्र : उरलेल्या सीरमचं (रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पाण्याचं) काय करणार? माझं वाक्य होतं, ‘उरलेले नमुने भविष्यातील संशोधनासाठी वापरले जातील.’ त्याच्या जागी दोन चौकटी केल्या. एक : ‘तपासणी झाल्यावर उरलेलं टाकून द्या.’ दुसरी : ‘पाच वर्षं ठेवा, तापाच्या इतर आजारांच्या तपासणीला वापरलं तरी चालेल.’ हा आक्षेप योग्यच होता. माणसाच्या रक्ताचं पुढं काय होणार हे ठरवायचा हक्क त्याचाच. पण तो पहिल्या पत्रातच का आला नाही? तिसरं पत्र तर असं की मराठी प्रतीच्या चौथ्या पानाच्या तळाशी ‘आवृत्ती २’ राहिलंय आणि बाकी पानांवर ‘आवृत्ती ३’. तेवढ्यासाठी पुन्हा सही, पुन्हा आवक-जावक, पुन्हा सतरा दिवस. आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख प्रत्येक पानाच्या तळाशी असते. इंग्रजी आणि मराठी प्रतींत ती एकच हवी. एका प्रतीत शब्द बदलला की दोन्हीकडचा क्रमांक बदलायचा, हे भिंतीवर लिहून ठेवा.

मसुदा कमिटीकडं जाण्याआधी गावातल्या आशाताईंना मोठ्यानं वाचायला द्या. आमच्या ताई ‘स्वेच्छेने’वर अडखळल्या, तिथं ‘तुमच्या मर्जीनं’ आलं. ‘प्रतिजैविके’ काढून ‘अँटिबायोटिक गोळ्या’ घातलं. हे मी चौथ्या आवृत्तीला केलं, पहिल्याच वेळी करायला हवं होतं. पेशंटला वाचता येत नसेल तर अंगठ्याशेजारी निष्पक्ष साक्षीदाराची सही लागते, आणि तो प्रकल्पातला माणूस चालत नाही. मुलं घेणार असाल तर ७ ते १२ वयाला तोंडी आणि १२ ते १८ ला लेखी होकार, पालकांची संमती हवीच, हा होकार त्याहून वेगळा.

निधीचं घड्याळ मंजुरीसाठी थांबत नाही. टेक्निशियनचा पगार सुरू झालेला असतो. मार्चअखेर खर्च दिसला नाही की उपयोगिता प्रमाणपत्र (निधी किती वापरला याचा दाखला) कमी रकमेचं जातं आणि पुढचा हप्ता रखडतो. एलायझा किट (रक्ततपासणीचा संच) तर मंजुरीआधी मागवूच नका, मुदत कपाटातच संपते.

नमुन्यांबद्दलही सांगतो. साध्या नळीत रक्त अर्धा तास गोठू द्या, सेंट्रिफ्यूज यंत्रात ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेऱ्या) १० मिनिटं फिरवा, सीरम लगेच ५००-५०० मायक्रोलिटरच्या तीन कुप्यांत वाटा. एकच मोठी कुपी केली की दर तपासणीला ती वितळते, पुन्हा गोठते आणि नमुना बिघडतो. नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेला पाठवायचे तर पूर येण्याआधीच फ्रीजरची आणि जनरेटरच्या डिझेलची सोय हवी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला होता.

तापाच्या पहिल्या आठवड्यात आयजीएम (जंतूंविरुद्ध रक्तात आधी तयार होणारी प्रतिपिंडं) बऱ्याचदा सापडत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरा नमुना लागतोच. त्यासाठी मजूर माणूस दिवसाची मजुरी बुडवून येतो. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी पहिल्याच अर्जात मागा. मी ती नंतर मागितली, म्हणजे दुरुस्तीचा नवा अर्ज आणि पुढची बैठक.

आणि आमच्या कमिटीची मंजुरी वर्षभराचीच असते. माझी ऑक्टोबरात संपणार, आणि बैठक तीन महिन्यांतून एकदाच. म्हणून नूतनीकरणाचा अहवाल मी जुलैच्या बैठकीलाच दिला.