बाबागाडी आणि म्हापशाचा शुक्रवार

आज लेकीला बाबागाडीत घालून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नेलं. हौस! नणंदेनं दिलेली गाडी दिसायला देखणी, पण चाकं हाताच्या मुठीएवढी. गटाराच्या जाळीत पुढचं चाक जे रुतलं, ते काही केल्या निघेना. शेवटी मयडे गावची केळी विकणारी मावशी टोपली सोडून उठली. एका बाजूनं ती, एका बाजूनं मी, आणि आत आमची ८ महिन्यांची महाराणी खिदळतेय!

वर मी शहाणीनं मिरच्यांची पिशवी हँडलला अडकवलेली. पोरीला उचलल्याबरोबर गाडी मागे उताणी. मिरच्या रस्त्यावर.

मग घरी न जाता थेट दुकानात. विक्रेता कप होल्डर दाखवत होता, मी चाकं बघत होते. मोठी, रबरी, स्प्रिंगवाली हवीत. हवेची नकोत, पंक्चर कोण काढत बसणार? पाच पट्ट्यांचा बेल्ट हवाच. आणि कापड काढून धुता यायला हवं, कारण आपल्या पावसाळ्यात चार महिने कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते. एका हातानं मिटते का, तेही तिथंच करून पाहिलं. दुसऱ्यांदा जमलं.

एक गाडी आवडली, पण वजन ११ किलो. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घेतली नाही.

सासूबाई म्हणाल्या, "कडेवर घे गो, कसली गाडी न् कसलं काय!"

कंबर माझी आहे ना, आई.