860 रुपयांच्या नफ्यापायी अडकलेली केळीची पट्टी

"होल्ड वरून आहे." माझं खातं गोठवलं गेलं, तेव्हा हे वाक्य मी चोपड्याच्या बँकेत अकरा दिवसांत सात वेळा ऐकलं. वरून म्हणजे कुठून, असं विचारलं की काउंटरवरच्या मॅडम स्क्रीनकडे बघतच म्हणायच्या, "सायबरचं आहे, आमच्या हातात काही नाही." प्रत्येक खेपेला एसटीचं भाडं आणि अर्धा दिवस वाया.

झालं असं, की 2025 च्या आयपीएलमध्ये मी एका साइटवर पैसे लावले. पण हिशेबाने. वही केली होती. हंगामाला पाच हजार, त्यातले एका मॅचला शंभरच, आणि आज हरलो म्हणून उद्या दुप्पट लावायचे नाहीत. मित्र बुडत होते, मी टिकून होतो, आणि त्याचा मला माज होता. 3 जूनला बंगळुरूने पंजाबला सहा धावांनी हरवलं, त्या रात्री 5,860 रुपये काढून घेतले. नफा 860.

पैसे साइटच्या नावाने आलेच नाहीत. कुण्या अनोळखी माणसाच्या यूपीआयवरून आले. अशा साइट भाड्याच्या खात्यांवरून पैसे फिरवतात, हे मला नंतर कळलं. तिकडे परराज्यात कुणाची तरी फसवणूक झाली, त्याने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार केली, आणि त्याचा पैसा ज्या ज्या खात्यांतून फिरला ती सगळी पोलिसांनी गोठवली. त्यात माझंही.

आणि त्याच खात्यात व्यापाऱ्याने केळीची पट्टी, म्हणजे विक्रीचे 1,38,000 रुपये, टाकलेली. कपाशीला खत द्यायची वेळ, कृषी केंद्राची उधारी वर. आप्पा रोज संध्याकाळी ओट्यावर एकच विचारायचे, "केळीना पैसा कथा ग्यात रे भो?" म्हणजे केळीचे पैसे गेले कुठे? सट्ट्याचं त्यांना सांगायला मला चार दिवस लागले.

बँकेत तोंडी बोलून काही होत नाही. ही अक्कल मला आठव्या खेपेला आली. अर्जाच्या दोन प्रती नेल्या, एकीवर शिक्का मारून पोच घेतली. तक्रार क्रमांक, पोलीस ठाणं आणि वादातली रक्कम लेखी द्या, एवढंच मागितलं. जी चिठ्ठी अकरा दिवस "देता येत नाही" होती, ती तिसऱ्या दिवशी मिळाली. वादातली रक्कम: 5,860. बाकीचे एक लाख अडतीस हजार कशापायी अडकवले, याला मॅडमकडे उत्तर नव्हतं. जळगावच्या वकिलांनी सांगितलं की वादातल्या रकमेपुरताच होल्ड ठेवा, असं केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटलं आहे. ते अर्जात घातलं. नाहीच जमलं तर कोर्टात जाऊ, असं ठरलं होतं.

तिकडच्या तपास अधिकाऱ्याला ईमेल करताना मात्र एका ओळीवर अडलो. रक्कम कशाबद्दल मिळाली? चुलतभाऊ म्हणाला, "उसने दिले होते म्हण." पण ज्याला ओळखत नाही त्याला उसने कधी दिले, हे पुढच्याच प्रश्नात उघडं पडलं असतं. वकिलांना दाखवून खरं तेच लिहिलं. सोबत केळीची काटापट्टी (वजनाची पावती), व्यापाऱ्याची पावती, सातबारा आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट जोडलं. उत्तर नाही. दर सोमवारी तोच मेल पुन्हा. एकदा फोन लागला, तर हिंदीत "देखते हैं" एवढंच.

सत्तेचाळिसाव्या दिवशी बाकीचं खातं मोकळं झालं. 5,860 आजही अडकलेलेच आहेत, आणि ते मी सोडून दिले.

ऑगस्ट 2025 च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंदच झाले. त्याआधी नोंदणीकृत ॲपवर जिंकलेल्या रकमेतून 30 टक्के टीडीएस, म्हणजे कर, आधीच कापला जायचा. माझ्या साइटने एक रुपया कापला नाही, तेव्हा मला तो फायदा वाटला होता! वहीत सगळं होतं, फक्त पैसे कोणत्या खात्यात घ्यायचे तेवढं नव्हतं.

आता केळीची पट्टी आप्पांच्याच खात्यात येते. त्या खात्याचं यूपीआय त्यांनी माझ्या मोबाइलवर टाकू दिलेलं नाही.

हो, एक राहिलंच. साइट बंद पडायच्या आत व्यवहारांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. मी काढले नव्हते.