सेबन यांचे मिशिगनला जाणे अखेर थांबले

अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधला एखादा निर्णय बदलला असता तर कोणता प्रशिक्षक कुठे गेला असता, हे चालवून पाहणाऱ्या संगणक-प्रोग्रामवर माझे काम चालू आहे; अशा प्रत्येक कल्पित इतिहासाला इथे शाखा म्हटले आहे. गेल्या नोंदीत काम ज्या अडचणीपाशी अडले होते ती सुटली आहे. डिसेंबर २००६ च्या शाखेत प्रशिक्षक निक सेबन आता दर वेळी अ‍ॅन आर्बरला, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या गावी, जाऊन बसत नाहीत. शाखेची मांडणी पूर्वीचीच आहे: वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझ यांनी ८ डिसेंबर २००६ रोजी अलाबामा विद्यापीठाला दिलेला नकार आपण होकारात बदलला आणि पुढचा खो कोणाला बसतो हे प्रोग्रामवर सोपवले. अलाबामाची जागा भरल्यामुळे सेबन एनएफएल या व्यावसायिक साखळीतील मायामी डॉल्फिन्सकडेच राहतात, इथवर सारे ठीक होते. गाडी रुळावरून घसरत होती ती पुढच्या वर्षी, लॉइड कार यांनी निवृत्ती जाहीर करून मिशिगनची जागा रिकामी केली की.

पहिल्या नजरेला तो निकाल पटण्यासारखाही होता. सेबन १९९५ ते १९९९ या काळात मिशिगन स्टेट या त्याच राज्यातील दुसऱ्या विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक होते आणि तिथल्या शाळकरी खेळाडूंच्या भरतीची वाट त्यांना ठाऊक होती. पण मिशिगनचे दार मुद्दाम बंद केले तर ते २००८ मध्ये टेनेसीला जात आणि तेही बंद केले तर २००९ मध्ये नोत्र दामला. म्हणजे प्रोग्रामला सेबन कळलेच नव्हते. त्याला सर्वांत मोठी रिकामी खुर्ची आणि सर्वांत वरच्या गुणांचा माणूस एवढेच दिसत होते. बायआउट (करार मुदतीआधी मोडल्याची भरपाई), जुने ऋणानुबंध, मातृसंस्थेची ओढ यांची वजने कशीही हलवली तरी उत्तर जागचे हलत नसे.

दोष वजनांत नव्हताच, तो क्रमात होता. मूळ मांडणीत हंगाम संपला की सर्व रिकाम्या जागा प्रतिष्ठेच्या उतरत्या क्रमाने एकाच दिवशी भरल्या जात. प्रत्यक्षात हा क्रम पंचांग ठरवते. अलाबामाने प्रशिक्षक माइक शुला यांना नोव्हेंबर २००६ च्या अखेरीस काढले, रॉड्रिगेझ यांनी पाठ फिरवली, आणि तरीही क्रीडासंचालक माल मूर यांनी एनएफएलचा साखळी हंगाम ३१ डिसेंबरला संपेपर्यंत कळ काढली; सेबन यांची नेमणूक झाली ३ जानेवारी २००७ रोजी. ही कळ त्यांना काढता आली, कारण त्या वेळी शाळकरी खेळाडूंच्या विद्यापीठांशी करारावर सह्या फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी होत असत आणि त्या वर्षी तो दिवस ७ फेब्रुवारी होता. डिसेंबर २०१७ पासून सह्यांची पहिली खिडकी डिसेंबरमध्येच उघडू लागल्यावर इतके थांबणे म्हणजे नव्या खेळाडूंची हातची तुकडी घालवणे झाले. त्यामुळे ‘धीर’ हा घटक विद्यापीठाशी नव्हे तर सालाशी बांधायला हवा, हे लक्षात आल्यावर सगळा कोड दिवसागणिक पुढे सरकणारा करून घेतला.

त्याबरोबर एनएफएलचा हंगाम चालू असताना तिथला प्रशिक्षक हलणार नाही, असे फाटकही बसवले. सेबन तत्काळ मायामीत स्थिर झाले, पण त्याच फाटकात बॉबी पेट्रिनो अडकले. हाच तो डिसेंबर २००७, ज्यात पेट्रिनो १३ सामन्यांनंतर अटलांटा फाल्कन्सला वाऱ्यावर सोडून, खेळाडूंच्या लॉकरमध्ये निरोपाच्या चिठ्ठ्या ठेवून आर्कन्सॉला निघून गेले. खऱ्या इतिहासात घडलेली चाल जे प्रारूप अशक्य ठरवते, त्याच्या कल्पित चालींवर विश्वास कसा ठेवायचा? फाटक काढावे तर सेबन मिशिगनला, ठेवावे तर पेट्रिनो अटलांटात, अशा कात्रीत काम बराच काळ सापडले होते.

शेवटी फाटकाऐवजी जकात ठेवली: हंगामाच्या मध्यात निघण्याची किंमत, जी संघ हरत गेला की उतरते. फाल्कन्स तेव्हा ३ विजय आणि १० पराभवांवर होते, त्यामुळे पेट्रिनो सुटले. लगेच नवे संकट उभे राहिले, कारण २००७ मध्ये डॉल्फिन्सनी १६ पैकी एकच सामना जिंकला होता, आणि तो आकडा जसाच्या तसा उचलला की सेबनही जकात भरून पसार होत. पण तो हंगाम कॅम कॅमरन यांच्या हाताखालचा होता. आपल्या शाखेत तिथे सेबन आहेत, त्यांचा स्वतःचा हिशेब २००५ मध्ये ९-७ आणि २००६ मध्ये ६-१० असा आहे. डॉल्फिन्सचा कल्पित हंगाम याच दोन आकड्यांच्या आसपास सोडल्यावर मिशिगनची नेमणूक होते त्या डिसेंबरच्या मध्यास सेबन बहुतेक खेपांमध्ये जागेवरच असतात.

आता मजा पाहा. रॉड्रिगेझ अलाबामात आणि सेबन मायामीत असल्यावर मिशिगन बहुतेकदा एलएसयूचे (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) प्रशिक्षक लेस माइल्स यांच्याकडे वळते. ते मिशिगनचे माजी खेळाडू. १ डिसेंबर २००७ रोजी, एसईसी या विद्यापीठांच्या साखळीच्या अंतिम सामन्याच्या दिवशीच, त्यांना आपण एलएसयू सोडत नसल्याचे सर्वांसमोर सांगावे लागले होते. ते गेले की एलएसयूची जागा रिकामी होते, मात्र संघ ७ जानेवारी २००८ च्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात असल्यामुळे तिथला शोध तात्पुरत्या माणसावर भागवून लांबतो. तोवर ३० डिसेंबरला डॉल्फिन्सचा हंगाम संपलेला असतो, आणि सेबन एलएसयूच्या गावी, बॅटन रूजला, परततात, जिथे त्यांनी २००३ चे विजेतेपद मिळवले होते. हा मार्ग कोडमध्ये कुठेही लिहिलेला नाही. तो निव्वळ तारखांतून निघाला. ती ओळ पडद्यावर प्रथम उमटली तेव्हा बराच वेळ दुसरी खेप चालवावीशीच वाटली नाही.

साधनांविषयी थोडेसे. कॅल्क या स्प्रेडशीटमधील जुनी वही आता कायमची मिटली आहे. पायथनमधील सिमपाय हे सिम्युलेशनचे साधन चांगले आहे, पण केवळ तारखांची रांग चालवण्यासाठी ते जड पडते. साधी हीप-क्यू, म्हणजे सर्वांत आधीची तारीख पुढे काढून देणारी रांग, पुरते. विकत घेतलेल्या एका माहितीसंचात जानेवारीतील सगळ्या नेमणुका १ तारखेवर ढकललेल्या आणि तात्पुरते प्रशिक्षक गाळलेले निघाले, त्यामुळे तारखा जुन्या वृत्तपत्रांतून हाताने भराव्या लागल्या. तारखेवर चालणाऱ्या प्रारूपाला असा संच फुकटातही महाग आहे.

वेस्ट व्हर्जिनियाकडेही लक्ष वेधतो. रॉड्रिगेझ गेल्यावर तिथे वारंवार जिंबो फिशर येतात. ते त्याच राज्यातील क्लार्क्सबर्गचे, २००६ मध्ये एलएसयूचे आक्रमण-समन्वयक, म्हणजे सहायक प्रशिक्षक. ते वेस्ट व्हर्जिनियाच्या गावी, मॉर्गनटाउनला, गेले तर २००७ मध्ये फ्लोरिडा स्टेटला जात नाहीत, तिथले प्रशिक्षक बॉबी बाउडेन यांचे ठरलेले वारसदार होत नाहीत, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांना काढताना टेक्सास ए अँड एमवर आलेला साडेसात कोटी डॉलरहून अधिक बायआउटचा बोजाही नाहीसा होतो. मात्र फिशर यांना उमेदवारांच्या यादीत हाताने घालावे लागले, कारण प्रारूपात सहायकांची पदेच नाहीत.

यामुळे लिंकन रायली आणि ब्रायन केली या प्रशिक्षकांची २०२१ ची शाखा पुढे घेण्याचे जे ठरले होते ते मी मागे ठेवत आहे. आधी सहायकांच्या जागा येतील, आणि कसोटीला २०२४ च्या हिवाळ्यातील साखळी असेल: जेफ हाफली बॉस्टन कॉलेजचे मुख्य प्रशिक्षकपद सोडून ग्रीन बे पॅकर्सचे बचाव-समन्वयक झाले, त्यांच्या जागी नुकतेच ओहायो स्टेटचे समन्वयक झालेले बिल ओब्रायन आले, ओब्रायन यांच्या जागी यूसीएलएचे मुख्य प्रशिक्षक चिप केली गेले, आणि यूसीएलए डीशॉन फॉस्टर यांच्याकडे आले. आजचे प्रारूप प्रत्येकाला वरच्याच पायरीवर चढवते. मुख्य प्रशिक्षक आपणहून खाली उतरतो हे त्याला ठाऊकच नाही. चिप केली यांच्या उतरण्याला पगार, भरतीचा जाच आणि खेळाडूंच्या बदल्यांची दगदग यांतले कोणते वजन किती द्यावे, यावर कोणी आधी काम केले असेल तर कळवावे. माझा कल तूर्त दगदगीकडे आहे.