सेन्सर गेलेला नव्हता

ठाण्यात कॅमेरा दुरुस्तीला बसलं की ‘सेन्सर गेलाय’ हे वाक्य कानावर पडतच राहतं. कॅमेरा घेऊन आलेल्या या गृहस्थांना तर दुसऱ्या एका दुकानाने रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, न उघडताच सेन्सर बदलायचा खर्चही सांगून टाकला होता. ऐरोलीहून बोटीने खाडीत जाऊन फ्लेमिंगो टिपायचा त्यांचा नाद. तक्रार एकच, पहाटेच्या आकाशात पट्टे.

पट्ट्यांचं कोडं लगेच सुटलं. फोटो जेपीईजी होता. त्यात प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या. फिकट आकाश त्यातल्या जेमतेम तिसात बसलेलं, त्यामुळे ६००० पिक्सेलच्या रुंदीत एकेक पायरी २०० पिक्सेलची. वरून कॉन्ट्रास्ट ताणला, मग पट्टे दिसणारच. रॉमध्ये तेच आकाश नितळ.

रॉ चाळताना मात्र वेगळंच काही सापडलं. सायलेंट शटरने, म्हणजे पडदा न हलवता आवाजाविना, काढलेल्या फ्रेमच्या सावल्या चार स्टॉप (सोळापट) उजळल्या की आडव्या रेघा. हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या उजेडाचे किती पिक्सेल याचा आलेख, मोठा केला, तर दर चौथा आकडा भरलेला आणि मधले तीन रिकामे. फाइल १४ बिटची, आतला माल १२चा. १६,३८४ पायऱ्यांऐवजी ४,०९६. सेन्सर झपाट्याने वाचून व्हावा म्हणून एडीसी (सेन्सरच्या सिग्नलचे आकडे करणारा भाग) सायलेंटमध्ये दोन बिट सोडून देतो. खोक्यावर १४ ठळक आणि अट मॅन्युअलच्या मागच्या पानावर, ही कंपन्यांची जुनीच खोड.

दोष बिटांचाच, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण तीच चौकट, तेच एक्स्पोजर, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० ठेवून मेकॅनिकल शटरने फ्रेम घेतली आणि सॉफ्टवेअरने खालचे दोन बिट उडवले. सावल्या तितक्याच उचलल्या. रेघा नाहीत!

मग लेन्सला कॅप लावून दोन्ही शटरच्या काळ्या फ्रेम काढल्या, प्रत्येक ओळीची सरासरी घेतली. मेकॅनिकलमध्ये ती जवळपास सपाट, सायलेंटमध्ये ओळीगणिक वरखाली. म्हणजे घाईच्या वाचनात अख्ख्या ओळीला एकच नॉइज (सिग्नलमधली खरखर) चिकटतो. तो बिट वाढवून जात नाही, उलट जास्त बारकाईने नोंदला जातो.

एवढं ऐकून गृहस्थ म्हणाले, “म्हणजे १६ बिटचा घेऊ का?”

जॉब कार्डावर लिहून दिलं: आयएसओ १००ला सावल्या उचलायच्या असतील तर मेकॅनिकल, आयएसओ १६००ला सायलेंटचे १२ बिटही पुरतात, तिथे नॉइजच १२ बिटच्या पायरीपेक्षा मोठा असतो. एडिटिंग रॉवरच, जेपीईजी शेवटी.