बिल्ला कानात, पण नोंद कुठंय?

शेळ्या-मेंढ्यांच्या ओळखीच्या नियमांचा विषय निघाला की सगळे लगेच टॅगवरच येतात, कुठला घ्यायचा, कुठल्या कानात मारायचा, टिकतो किती. बरोबरच आहे म्हणा, पण मला कायम वाटतं की टॅग हे अर्धंच काम आहे. ते जनावर कुठून आलं, कुठं गेलं, कधी गेलं हे कुणी लिहिलंच नाही तर कानात नुसतं प्लास्टिक लटकतंय.

हे पटायला ब्रिटनमधली २००१ ची लाळ्या खुरकूतची साथ बघा. रोग पहिल्यांदा लक्षात आला तो फेब्रुवारीत, एसेक्समधल्या कत्तलखान्यात, डुकरांमध्ये. पण तोवर उत्तरेकडच्या हेक्सम आणि लाँगटाउनच्या बाजारांतून मेंढ्या देशभर पांगल्या होत्या. मेंढ्यांमध्ये या रोगाची लक्षणं फार सौम्य असतात, थोडं लंगडतात, तोंडातला फोड दोन दिवसांत भरून येतो, त्यामुळे बघून कळतच नाही, आणि एकेका मेंढीला स्वतःचा नंबरही नव्हता, मग बाजारातून कुठली मेंढी कुणाकडे गेली हे शोधायचं कसं? शेवटी ६० लाखांहून जास्त जनावरं मारली गेली, आणि त्यातली कितीतरी निरोगी होती. हे वाचलं की मला अजून वाईट वाटतं.

त्यानंतर युरोपने २००४ मध्ये नियम आणला, की प्रत्येक मेंढी-शेळीला वेगळा नंबर, मालकाकडे नोंदवही आणि जनावर हललं की सोबत कागद. २००९ च्या शेवटापासून मेंढ्यांना इलेक्ट्रॉनिक टॅगही आला. आज इंग्लंडमध्ये कोकरू रात्री गोठ्यात ठेवत असाल तर ६ महिन्यांच्या आत, उघड्यावर असेल तर ९ महिन्यांच्या आत टॅग लागतो, आणि त्याआधीच ते शेताबाहेर जाणार असेल तर जायच्या आधी. जनावर आलं की ३ दिवसांत कळवायचं. आणि नवीन जनावर आलं की साधारणपणे पुढचे ६ दिवस बाकीची जनावरं बाहेर हलवायची नाहीत. मला विचाराल तर सगळ्यात शहाणपणाचा नियम हाच, कारण रोग आलाच असेल तर तो तिथंच दिसायला थोडा वेळ मिळतो. पाळणाऱ्याला हा नियम जड जातो हेही खरं, बाजाराचा दिवस त्याच्यासाठी थांबत नाही ना.

इलेक्ट्रॉनिक म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं मोबाईलवर मेंढी कुठं चरतीये ते दिसणार. तसं काही नसतं. त्या चिपमध्ये बॅटरी नसते, रीडर, म्हणजे नंबर वाचायचं यंत्र, जवळ नेलं की ती फक्त आपला नंबर सांगते. पण तेवढ्यानेही मोठा फरक पडतो, कारण चिखलाने माखलेल्या कानावरचे बारीक आकडे पावसात उभं राहून एकेक करून वाचायचे म्हणजे दोन आकडे इकडचे तिकडे होणारच, आणि एक आकडा चुकला की कागदावर ती भलतीच मेंढी होते. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने हे २०१७ मध्येच सुरू केलं, आणि १ जानेवारी २०२५ पासून जन्मलेल्या मेंढ्या-शेळ्यांना ते देशभर सक्तीचं केलंय.

टॅग मारणं हे कौशल्याचं काम आहे, ते घाईत उरकू नये. कान आधी उजेडाकडे धरून बघा, शिरा दिसतात, त्या चुकवायच्या, आणि कूर्चेच्या (कानातल्या मऊ हाडाच्या) जाड रेषांच्या मध्ये, डोक्याच्या बाजूला मारायचा. टोकाकडे मारला की काटेरी झुडपात किंवा जाळीत अडकून कानच फाटतो. लहान पिल्लाला मारताना टॅग आणि कानाच्या कडेत थोडी जागा सोडा, कान वाढणार आहे. माश्यांच्या दिवसांत शक्यतो टाळा, नाहीतर जखमेत अळ्या होतात.

शेळ्यांचा प्रश्न वेगळाच. त्या कुंपणात डोकं घालणार, एकमेकींचे कान चावणार, टॅग पडणारच. ला मांचा जातीच्या शेळीला तर बाहेरचा कान जवळपास नसतोच, तिथं शेपटीच्या खालच्या कातडीवर नंबर गोंदतात. शेळ्यांना इलेक्ट्रॉनिकची सक्ती इंग्लंडमध्येही नाही, ओळखीच्या साध्या खुणा चालतात.

आणि स्क्रेपीसारख्या, म्हणजे मेंढ्या-शेळ्यांच्या मेंदूवर हल्ला करणाऱ्या जीवघेण्या रोगात तर जुनी नोंदच कामाला येते. लागण सहसा जन्माच्या आसपास होते आणि लक्षणं दिसतात २ ते ५ वर्षांनी, तोवर ती मेंढी दोनतीन मालकांकडे फिरलेली असते. म्हणून अमेरिकेत पैदाशीच्या जनावराचा माग जन्माच्या कळपापर्यंत काढता यावा यावर एवढा भर आहे.

टॅग पडला तर इंग्लंडमध्ये लक्षात आल्यापासून २८ दिवसांत नवीन लावायचा असतो, आणि नंबर बदलला तर जुना-नवा दोन्ही वहीत लिहायचे. जनावर मेलं तरी लिहायचं. हे बरेच जण सोडून देतात, आणि मग कागदावर कळप वाढत जातो, गोठ्यात मात्र कमी.