लाव आणि लावलेली

डिचोलीला राहणारी माझी भाची सध्या पायथन ही संगणकभाषा शिकते आहे. गेल्या रविवारी तिने गावच्या जत्रेतल्या नाटकाच्या वर्गणीची यादी नावांच्या क्रमाने लावायला घेतली आणि थोड्याच वेळात तिचा फोन आला, "मामा, सगळी नावे गेली, नुसते 'नन' उरले आहे!" पायथन ३ मध्ये चलाचे, म्हणजे माहिती साठवण्याच्या जागेचे, नाव देवनागरीत चालते, त्यामुळे तिची ओळ अशी होती: यादी = यादी.सॉर्ट().

यातील 'सॉर्ट' मूळ यादीच जागच्या जागी लावते आणि परत मात्र 'नन', म्हणजे 'काहीच नाही', देते. ते 'नन' तिने यादीलाच बहाल केले. नवी यादी हवी असेल, तर २००४ साली २.४ या आवृत्तीत आलेले 'सॉर्टेड' वापरावे लागते. मी तिला सांगितले की 'सॉर्ट' म्हणजे 'यादी लाव' ही आज्ञा आणि 'सॉर्टेड' म्हणजे 'लावलेली यादी'. एकात क्रियापद आहे, दुसऱ्यात धातुसाधित विशेषण, आणि हा फरक आपल्या भाषेत तर उच्चारताक्षणी कळतो.

अडचण ही की प्रत्येक संगणकभाषेच्या प्रमाण लायब्ररीत, म्हणजे भाषेसोबतच येणाऱ्या तयार आज्ञांच्या संचात, हा शब्द वेगळा वागतो. रूबीत साधे 'सॉर्ट' मूळ यादीला हात लावत नाही, तिथे बदल करणाऱ्या रूपापुढे उद्गारचिन्ह येते. जावास्क्रिप्टमध्ये 'सॉर्ट' मूळ यादी बदलून तीच परत देते, म्हणून भाचीची ओळ तिथे बिनबोभाट चालली असती आणि त्याच यादीचा मूळ क्रम इतरत्र हवा असता, तर तो बिघडल्याचे फार उशिरा लक्षात आले असते. 'टू-सॉर्टेड' तिथे २०२३ साली आले. मला स्विफ्टची रीत सर्वांत पटते, कारण २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून बदल करणाऱ्याला आज्ञार्थी क्रियापद आणि नवे मूल्य देणाऱ्याला विशेषणासारखे रूप, हा तिथे लिखित संकेतच आहे.

संध्याकाळी भाचीने वर्गणी न दिलेल्यांची नावे वेगळी देणारे स्वतःचे फंक्शन, म्हणजे एक ठरावीक काम करणारा प्रोग्रामचा तुकडा, पाठवले. त्याचे 'बाकी_काढ' हे नाव तिने खोडून 'बाकी_असलेले' असे केले होते, कारण 'काढ' वाचून ती नावे यादीतून वगळली जातात असेही कोणाला वाटले असते.