वॉयचेख सापडला

शिकागो, १४ फेब्रुवारी, रात्री

आज वॉयचेख सापडला. माझ्या सासऱ्यांचे आजोबा.

कबरीच्या दगडावर नाव अल्बर्ट, म्हणून तीन महिने मी बोटींच्या याद्यांत अल्बर्टच शोधत होते. परवा चर्चमधल्या लग्नाच्या नोंदीत लॅटिन ‘अदाल्बेर्तुस’ दिसलं आणि उलगडा झाला. पोलिश वॉयचेखचं लॅटिन रूप अदाल्बेर्तुस, आणि त्यावरून इथला अल्बर्ट.

घरात सगळे सांगतात, एलिस आयलंडवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कजवळ बाहेरून येणाऱ्यांची तपासणी व्हायची त्या बेटावरच्या, कारकुनाने नाव बदललं. तसं नव्हतं. यादी बोट सुटायच्या बंदरातच तयार व्हायची, याची जर्मनीत ब्रेमेनला झाली. एलिस आयलंडवर ती फक्त ताडून बघत. यादीत तो वॉयचेखच आहे.

साल १९०७. त्या एका वर्षात तिथे दहा लाखांहून जास्त माणसं उतरली. वय १९. वंश पोलिश, देश ऑस्ट्रिया. पोलंड तेव्हा नकाशावर नव्हताच. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो १७९५ पर्यंत वाटून घेतला होता, आणि याचं गाव ऑस्ट्रियाच्या वाट्याला गेलेल्या गॅलिशियातलं. तिकीट भावाने काढलेलं. जवळ १२ डॉलर. मागे जवळचं नातेवाईक कोण, या रकान्यात आईचं नाव. तिथे मी बराच वेळ थांबले. आमच्या कुलवृत्तांतात माझ्या खापरपणजीचं नावसुद्धा नाही, नुसतं ‘पत्नी’. ही बाई निदान नावानिशी आहे.

पुढे युनियन स्टॉक यार्ड्सच्या कत्तलखान्यात मजुरी. १९१० च्या जनगणनेत जन्मदेश ऑस्ट्रिया, १९३० च्या जनगणनेत पोलंड.

नागरिकत्वाच्या पहिल्या कागदांनी मात्र पोटात कालवलं. १९१३ सालचे. ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्त्स योसेफ याच्यावरची निष्ठा सोडणार, असं लिहून द्यायचं. कधी वाटलीच नसेल ती निष्ठा, ती सोडायची! वर टाइप केलेलं नाव अल्बर्ट. खाली सही, एकेक अक्षर दाबून काढलेली: वॉयचेख.

रात्री सासऱ्यांना फोन केला. ८१ वर्षांचे आहेत. त्यांनी ते नाव तीनदा म्हणून बघितलं. मी म्हटलं, घरात लाडाने ‘वॉयतेक’ म्हणत असतील. ते एकदम गप्प झाले.

मग म्हणाले, “बुशा, माझी आजी, स्वयंपाकघरातून अशीच हाक मारायची. मला वाटायचं, जेवायला या, असं काहीतरी म्हणतेय.”